भावकीतला उठतो

सकपाळ सर भर मीटिंगमधून उठून जायचे. महाडच्या आमच्या कॉलेजात मी नवी असताना प्राध्यापकांच्या मुलाखती चालल्या होत्या. एका मुलीचं नाव पुकारलं आणि रसायनशास्त्राचे हे विभागप्रमुख थेट व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. मुलगी त्यांच्या चुलतभावाची होती. तिची निवड झाली नाही आणि भावाने बोलणं टाकलं.

मी कारण विचारलं, तर म्हणाले, "आमच्या पोलादपूरकडच्या वाडीत गावकी बसली की ज्याच्या भावकीचा विषय, तो उठून लांब जातो. आमचा बाप सांगायचा, 'तू लबाड हायस म्हणून नाय उठवीत रे. माणूस हायस म्हणून उठवतात.'"

पुढे बिरवाडीच्या लोकांनी विहिरींचं पाणी तपासायला आणून दिलं. सरांच्या तपासणीत ते पिण्यालायक नव्हतं. विहिरींशेजारची कंपनी आमच्या संस्थेच्या अध्यक्षांची, आणि प्रयोगशाळाही त्यांनीच बांधून दिलेली. अहवाल द्यायचा की नाही, यावर मीटिंग बसली. सर शांतपणे म्हणाले, "साहेब, भावकीतला उठतो. जरा बाहेर बसा."

अध्यक्ष हसले. "सर, कंपनी माझी, कॉलेजही माझंच. मी कुठल्या दाराने बाहेर जाऊ?" सगळे हसले. मीही हसले, याची आजही लाज वाटते.

अहवाल दाबला गेला. सरांनी स्वतःच्या सहीने तो बिरवाडीकरांना देऊन टाकला. मग त्यांच्यावर चौकशी समिती नेमली. प्रमुख अध्यक्षच, आणि सदस्यांत मी. समिती बसली तेव्हा सरांनी मला एवढंच विचारलं, "मॅडम, तुमचा भाऊ त्याच कंपनीत आहे ना अजून?"

"हो," मी म्हटलं.

आता विषय सरांचाच होता, म्हणून ते सवयीने उठून व्हरांड्यात गेले. त्या खोलीतून उठलेला माणूस तेवढा एकच. मी त्यांना काढून टाकण्याच्या कागदावर सही केली.

सर वाडीवर परतले आणि दोन पावसाळ्यांत गेले. बिरवाडीत आता टँकर येतो, त्यावर कंपनीचं नाव असतं. कॉलेजात शोकसभा झाली. अध्यक्ष सरांच्या सचोटीवर बोलायला लागले, तशी मी उठले.

"काय झालं मॅडम, बरं नाही का?" शेजारच्याने विचारलं.

"माझा संबंध आहे," मी म्हटलं, आणि व्हरांड्यात जाऊन उभी राहिले.