सारसोळ्याची लाल टोपी, तळोज्याची तुर्की टोपी

मिरजेहून निघालेली बस सकाळी सहाला नेरूळच्या एलपी पुलाखाली थांबली तेव्हा मी खुशीत होते. हे आधीच सांगून टाकते, कारण त्यानंतर दिवसभर मी कोणाशी धड बोललेले नाही.

जुन्या टोप्या विकणं हा माझा धंदा. मिरजेत आमचं ड्रेपरीचं, म्हणजे नाटकांना कपडे पुरवण्याचं दुकान होतं. नाटकं कमी झाली, दुकान बंद झालं, तेव्हा माळ्यावरच्या टोप्यांचे फोटो काढून मी त्या फोनवरून विकल्या. त्या संपल्या तरी गिऱ्हाईक विचारत राहिलं. मग मी बाहेरून घ्यायला लागले. साहेबी फेल्ट हॅट, भेंडाच्या शिकारी हॅट, फरच्या टोप्या. मिळतात सगळ्या, पण आपल्याला परवडून वर चार पैसे सुटतील अशा भावात फार थोड्या. गेलं वर्षभर तसा माल मला एकाच माणसाकडून येत होता, नवी मुंबईच्या दिलीपकडून. "ताई, या टॉवरांच्या मधे जुनी गावं आहेत आणि गावांत पत्र्याच्या ट्रंका आहेत," असं तो फोनवर म्हणायचा. या खेपेला म्हणाला, "तुम्हीच या. एक कोळी टोपी दाखवतो, झोप उडेल." इतक्या स्वस्तात याला वस्तू मिळतात कशा, हे मी त्याला एकदाही विचारलं नव्हतं.

दिलीप स्कूटर घेऊन आला. तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात कसलंसं ओळखपत्र. पाम बीच रस्ता ओलांडून आम्ही सारसोळ्यात शिरलो. मागे नेरूळच्या काचेच्या इमारती, पुढे खाडी, दोहोंच्या मधे अंगाला अंग घासून उभी राहिलेली घरं. खाडीच्या कडेला तिवर (खारफुटीची झाडं) दाट माजलेली. भरती उतरत होती, होड्या चिखलात कलल्या होत्या. गल्लीत जाळ्यांवर जवळा (बारीक सुकी कोळंबी) वाळत घातलेला, त्यामुळे पाय ठेवायला जागा शोधावी लागत होती. मला सगळंच आवडत होतं. कोणत्या दोन वस्तू घेऊ आणि कोणत्या सोडू, एवढाच प्रश्न डोक्यात.

एका दारात साठी ओलांडलेली बाई मासळी निवडत बसली होती. दिलीप म्हणाला, "हिराबाय, ह्या त्या मॅडम. सरकारी म्युझियमच्या. बोललो होतो ना?"

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने एक डोळा हळूच मिटला.

हिराबाईंनी हात धुतले, पदराला पुसले आणि आतून कापडात गुंडाळलेली टोपी आणली. गडद लाल, टोकाशी दुमडलेली, कडेला पिवळ्या दोऱ्याची हातटीप. आतलं अस्तर घामाने काळपट झालेलं, पण शिवण एका जागीही उसवलेली नव्हती. ड्रेपरीवाल्याच्या मुलीला अशी टीप दिसली की तिचे हात आपोआप पुढे होतात. माझे झाले.

"घरधनी माजे रोज नाय घालायचे," हिराबाई म्हणाल्या. "नारली पुनवेला नि लगनात, बस. तुमी काचंत ठेवनार ना? नि खाली नाव लिवनार?"

"हो," मी म्हणाले.

एकच अक्षर. पण ते मीच बोलले, दिलीप नाही.

"मंग राघो लिवा. राघव नको. ती शालेतल्या मास्तरची चूक हाय."

मी वहीत 'राघो' लिहिलं. खरोखर लिहिलं. मी पर्सला हात घातला तर दिलीपने मान हलवली आणि हिराबाईंना ऐकू जाईल असं म्हणाला, "मॅडम, सरकारी कामात पैसे नसतात." हिराबाई हसल्या. "मना पैशे नकोच. बगाया मात्र न्या एकदा."

दिलीपने टोपी आपल्या पिशवीत टाकली आणि आम्ही गल्लीचं वळण घेतलं. मग मी त्याला थांबवलं.

"म्युझियम कुठलं रे?"

"टेन्शन नका घेऊ. ठाण्याला एक हॉटेलवाला आहे, त्याला कोळी थीमची भिंत करायचीये. तुम्ही घ्या आणि त्याला द्या, डबल सुटतील. नाही तर मी डायरेक्ट देतो."

"वर्षभर तू असंच आणत होतास?"

"असंच म्हणजे?" आता तोही चिडला. "ताई, हजार-पाचशेत तुम्हाला माल कुठून येणार होता? शोरूममधून? तुम्हाला स्वस्त पाहिजे होतं, मी स्वस्त दिलं. तेव्हा नाही विचारलंत ते?"

माझ्या कानशिलात रक्त उसळलं. तो नालायक होता म्हणून नव्हे. तो खरं बोलत होता म्हणून. मी त्याच्या पिशवीतून टोपी ओढली. त्याने पिशवी मागे खेचली. या ओढाताणीत माझा पाय घसरला आणि मी कोपरापर्यंत कोणाच्या तरी वाळवणात गेले. "माजा जवला!" करून एक बाई आतून धावली आणि तिने आम्हा दोघांचा जो उद्धार केला तो इथे लिहिता येत नाही. टोपी मात्र माझ्या हातात होती.

तशीच, हाताला जवळा चिकटलेला, मी हिराबाईंच्या दारात परत गेले. सांगितलं की मी म्युझियमची नाही, मी टोप्या विकते, आणि ही टोपी हॉटेलच्या भिंतीवर जाणार होती.

त्यांनी पदराला हात पुसले.

"मंग मगाशी का नाय बोललीस?"

सांगण्यासारखं काही असतं तर ना. टोपी हवीहवीशी वाटली, एवढंच कारण होतं.

"त्यो दिलीप खोटारडाच हाय, त्याचा काय," त्यांचा आवाज चढत गेला. "तू बायमानूस. माज्या पुडं बसून नाव इचारलंस. वहीत लिवलंस. माज्या मेलेल्या मानसाचा नाव!"

माफी मागायला मी तोंड उघडलं. त्यांनी हातातून टोपी काढून घेतली, मांडीवर दोनदा झटकली, आत नेली. ट्रंकेचं झाकण आपटल्याचा आवाज आला. "आता हुबी राऊ नको हितं," आतूनच म्हणाल्या.

दिलीप स्कूटरपाशी सिगारेट ओढत होता. वर्षभरात त्याच्याकडून आलेल्या वस्तूंपैकी मला सर्वांत जास्त आठवत होती ती एक तुर्की टोपी: डाळिंबी लोकर, काळा रेशमी गोंडा, आत जुन्या कारागिराची सोनेरी मोहोर. ती कोणाची, असं मी विचारलं. तो सांगेना. मी म्हणाले, मग मी इथेच गावात उभी राहून तुझं नाव घेऊन ओरडते. तेव्हा तोंडातल्या तोंडात बोलला, "तळोजे पाचनंद. इब्राहिम चाचा. मशिदीमागे विचारा." आणि मला तिथेच सोडून निघून गेला.

नेरूळ स्टेशनजवळच्या खाणावळीत मी तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण मागवलं. कालवण उत्तम होतं. मला ते उत्तम असल्याचासुद्धा राग आला.

बेलापूरहून मेट्रो धरली. डबा जवळजवळ रिकामा, खिडकीतून खारघरचे डोंगर आणि त्यांच्या पायथ्याशी पिकासारख्या उगवलेल्या इमारती. उतरल्यावर रिक्षावाल्याने मला नव्या वसाहतीत नेऊन सोडलं. "तळोजा म्हणजे हाच ना?" मी म्हटलं, गाव, गाव! त्याने "मग गाव बोलायचं ना मॅडम" म्हणून मलाच सुनावलं आणि उलटा फिरला. चूक माझीच होती, तरी मी भांडले.

इब्राहिम चाचांचं घर कौलारू, पुढे स्वच्छ सारवलेलं अंगण. चाचा सत्तरीचे, कारखान्यातून निवृत्त झालेले, ताठ बसणारे. मी मोबाइलवर तुर्की टोपीचा फोटो दाखवला. त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"आणलीत? आमी तर आशाच सोडली होती." मला बोलू न देता ते आत गेले आणि पत्र्याचा एक गोल, उंच डबा घेऊन आले. "अब्बांनी टोपीसाठी खास करून घेतलेला. भाताचा व्यापार होता त्यांचा. ईदला नि निकाहाला घालायचे. कॉलेजात प्रदर्शन हाय, महिन्यात परत देतो, असं तो पोरगा बोलला होता. सात महिने झाले." त्यांनी झाकण काढलं आणि उघडा डबा माझ्यासमोर धरला.

मी सगळं सांगितलं. टोपी सांगलीत एका वकिलांकडे आहे, मीच विकली, हेही.

चाचा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. आतून त्यांच्या पत्नी चहाचा ट्रे घेऊन येत होत्या. चाचांनी मान न वळवता सांगितलं, "चाय आत ने." मग डब्याचं झाकण लावलं. "मी ती बघायला दिली होती बाई, विकायला नाय. आता जा. येशील तर टोपी घेऊन ये."

परतीच्या बसमध्ये घाट चढेपर्यंत मी मनातल्या मनात दिलीपशी भांडत होते. घाटमाथ्यावर दिलीप संपला आणि पुढे मिरजेपर्यंत मी एकटीच उरले.

दुसऱ्या दिवशी सांगलीला वकिलांकडे गेले. टोपी काचेच्या कपाटात होती. हकीकत सांगून मी पैसे परत देऊ केले. ते हसले, ड्रॉवर उघडून टोपीबरोबर मी दिलेलं कार्ड काढलं आणि मला वाचायला लावलं. 'मूळ कुटुंबाच्या संमतीने मिळालेली.' अक्षर माझं, सही माझी. प्रत्येक टोपीच्या कार्डावर मी हे वाक्य लिहिते. असं लिहिलं की टोपी लवकर खपते.

"शैलाताई, माझी खरेदी स्वच्छ आहे," वकील म्हणाले. "मात्र तुमच्या वडिलांनी बांधलेली ती जरीची पगडी मला दिलीत, तर विचार करू."

ती पगडी वडिलांनी एका ऐतिहासिक नाटकासाठी स्वतःच्या हाताने बांधली होती. दुकान बंद झालं तेव्हाही मी ती विकली नव्हती. संध्याकाळी नेऊन दिली. मोठ्या मनाने दिली असं कोणी समजू नये. दातओठ खात दिली, आणि तुर्की टोपी घेऊन जिना उतरताना वकिलांना नको नको ते बोलले.

दिलीपकडून आलेल्या बाकीच्या टोप्या कोणाकोणाच्या, ते मला माहीत नाही. त्या सगळ्या गिऱ्हाइकांना मी कळवलं आहे की कार्डावरचं वाक्य खोटं आहे. दोघांनी उत्तर पाठवलं. एकीने विचारलं, "म्हणजे अजून किंमत वाढेल का?"

काल चाचांना फोन केला. म्हटलं, टोपी मिळाली, रविवारी घेऊन येते.

मग ते म्हणाले, "गोंडा ओढून बघितला नाय ना कोणी?"

"नाही चाचा."

"बरं. या मग. माफी मागू नका मात्र. मी माफ करणार नाय."