बाइंडरकडे गेलेला खंड

हे मी आजवर कुणाच्या कानावर घातलेलं नाही. सख्ख्या बहिणीच्याही नाही. तुम्हाला का सांगतेय? — माहीत नाही. सांगतेय झालं.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी ठाण्याच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होते. डोंबिवलीत एकटी राहायचे. मुलं मला कडक समजत, आणि मी तशी होतेच. दिवसभर माझ्याशी कोण काय बोलणार? ‘मॅडम, कार्ड.’ ‘मॅडम, सही.’ सुट्टीच्या दिवशी तर आपला आवाज शाबूत आहे ना, हे बघायला मी दूधवाल्याशी उगाच हुज्जत घालायचे.

मंदा खाडीकाठच्या कोळीवाड्यातली. शेवटच्या वर्षाला इतिहासाचा छोटा प्रबंध लिहीत होती. मिठागराचा बांध घातला जात असताना तिच्या गावच्या बायकांनी ते काम अडवलं होतं — हा विषय. आजीने सांगितलेलं सगळं वहीत होतं, लेखी पुरावा मात्र नव्हता. आमच्याकडे त्या भागातल्या जुन्या अर्जांचा एक जाडजूड खंड होता, पण पानं सुटली म्हणून तो बाइंडरकडे गेलेला. मी तिला शनिवारी ये म्हटलं. इथवर सगळं खरं होतं.

गुरुवारी खंड आला. मी चाळला. त्या बायकांचा अर्ज त्यात होता, खाली अंगठे. तिच्यासाठी म्हणून मी तो माझ्या कपाटात ठेवला.

शनिवारी ती आली ती डबा घेऊनच. जिथे मी पोरांना शेंगदाणा खाऊ देत नसे, तिथे तिने मला सुका जवळा आणि भाकरी वाढली. तासभर आजीच्या गोष्टी सांगितल्या. मग म्हणाली, “मॅडम, आलं का ते बुक बाइंडिंगवरनं?”

“नाही गं. पुढच्या शनिवारी बघ.”

का बोलले मी असं? खंड हातात पडला की ती वाचनकक्षात बसेल, उतरवून घेईल — आणि जाईल. एवढंच. एकच शनिवार, म्हटलं. मग आणखी एक. असे सहा. बाइंडर किती आळशी आहे, यावर आम्ही दोघी हसायचोसुद्धा. तो बिचारा दिलेल्या दिवशी काम देणारा माणूस.

सातव्या शनिवारी ती आली नाही. प्रबंध देऊन टाकला होता. शेवटची तारीख मला ठाऊक नव्हती? — होती. ती नोटीस मीच फलकावर लावली होती.

तिच्या इतिहासाच्या सरांनी प्रबंधावर लाल शाईने शेरा मारला — घरातल्या आठवणी म्हणजे पुरावा नव्हे. तोंडी परीक्षेत तिला विचारलं, हे घडलं कशावरून? तिने वही पुढे केली. एम. ए. करायचं होतं तिला. तो विचार तिने सोडला.

निकालानंतर ती कार्ड परत द्यायला आली. माझ्यावर तिचा राग नव्हता. कशाला असेल?

“आजी थापाच मारत असणार, मॅडम,” ती म्हणाली. “घरी बोलले मी तिला तसं.”

खंड माझ्या पाठीमागच्या कपाटात, हाताच्या अंतरावर होता. मी कार्ड घेतलं आणि सही केली.