जास्तीची रिंग

जळगावातल्या ज्या लॅबमध्ये मी साफसफाईला जाते, तिथे यंदा मायक्रोस्कोपला कॅमेरा लावला. स्लाइडचे फोटो काढून धुळ्याच्या मोठ्या डॉक्टरांना पाठवायचे, ते बघून सांगणार.

पण फोटो धूसर. लॅबच्या मॅडम डोळा लावून बघायच्या तेव्हा सगळं स्वच्छ, पडद्यावर मात्र धुकं. पडद्यावर नीट आणलं की डोळ्याला दिसेना. चार दिवस हेच चाललं. टेक्निशियन म्हणाला, "मॅडम, मावशींनीच पुसताना कॅमेरा हलवलाय. ओलं फडकं मारतात त्या."

मी त्या टेबलाला हात लावला नव्हता. पण चारचौघांत माझ्या तोंडून शब्द निघत नाही. मॅडम म्हणाल्या, "मावशी, पहिल्या तारखेपासून दुसरी बाई बघते."

पिंप्राळ्याला घरापर्यंत चालत आले. गुडघे ठणकत होते. या वयात पुन्हा दारोदार काम विचारत फिरायचं, या विचारानेच गळून गेले.

मग आठवलं. बसवताना टेक्निशियनने कॅमेऱ्याच्या तोंडावरची बारीक रिंग काढून कचऱ्यात टाकली होती. "जास्तीची आहे, हिच्याशिवायही आटे बसतात," म्हणाला. मी ती उचलून आणली होती. माझे वडील धुळ्याला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. यंत्रातून निघालेला तुकडा दसऱ्याला पूजल्याशिवाय टाकायचा नाही, अशी आमच्या घरची रीत.

सकाळी रिंग घेऊन मॅडमसमोर उभी राहिले. घाबरले की मला अहिराणीच येते.

"मॅडम, हाई कॅमेरानी शे. कचरामा व्हती."

टेक्निशियन हसला. "मावशी इंजिनिअर झाल्या!"

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी कॅमेऱ्यासोबतचा कागद उघडून वाचला. "अरे, नळीचं माप वेगळं, कॅमेऱ्याचं वेगळं. आटे सारखे असले तरी मध्ये पाच मिलिमीटर अंतर लागतं. त्यासाठीच ही रिंग. लाव."

त्याने लावली. मॅडमना डोळ्याला दिसत होते तेच जांभळे ठिपके पडद्यावर आले, कडेसकट. फोटो डॉक्टरांना गेले. थोड्या वेळाने धुळ्याहून फोन आला, आता स्पष्ट दिसतंय म्हणून. टेक्निशियननेच तो घेतला. "हो सर, सेटिंग जमवलं मी."

मॅडमनी ते ऐकलं. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "दुसऱ्या बाईला नको म्हणून सांगते."

"बरं," म्हणाले. आनंद व्हायला हवा होता. मला फक्त कुठेतरी टेकावंसं वाटत होतं. फरशी तशीच होती. बादली भरायला गेले.