चहा चांगला झालाय

काकांनी कधी कुणाच्याच चहाला बरं म्हटलं नाही. शिकायला म्हणून मी नारायणगुड्यात मावशीकडे राहायला आले, तर पहिल्याच सकाळी माझा कप परत आला. "बेटा, हे काय? भांडं विसळलेलं पाणी?" मावशी हसली. "लग्नापासून मी हेच ऐकतेय."

दारूला कधी न शिवलेल्या या माणसाला सिरॉसिस झाला. यकृत सुकलं, पोटात पाणी साठायचं. शेवटी डॉक्टरांनी यकृतात जाळीची नळी घालून रक्ताला नवी वाट करून दिली. पोट उतरलं आणि काका चक्क कोठीच्या बाजारापर्यंत पायी जाऊन जुनी पुस्तकं चाळून आले. आम्हाला आकाश ठेंगणं झालं.

डॉक्टरांनी मात्र बजावलं होतं. रक्त आता यकृताला वळसा घालून जाणार, त्यातली घाण न गाळता मेंदूपर्यंत पोचू शकते. म्हणून पोट रोज साफ हवं, पातळ औषध चुकवायचं नाही आणि माणूस जरा बदललेला वाटला तरी घेऊन यायचं. त्या गोडमिट्ट औषधालाही काका नावं ठेवत, पण घेत. "पोट फुगू दे, डोकं नक्को फिरायला," म्हणत. त्यांना भीती तेवढीच होती.

मग कुकटपल्लीला पुतणीचं लग्न निघालं. लग्नाच्या हॉलमध्ये सारखं संडासला कुठे पळायचं, म्हणून काकांनी गुपचूप औषध बंद केलं. लग्नात मजेत जेवले. दुसऱ्या सकाळी मी दिलेला चहा शांतपणे प्यायले आणि म्हणाले, "चहा चांगला झालाय."

मी तर हरखूनच गेले. मावशीच्या हातातलं गाळणं मात्र खाली पडलं. "ऑटो बोलाव आधी. हे ठिकाणावर नाहीत."

दवाखान्यात हात पुढे धरायला सांगितले, तर त्यांचे पंजे फडफडत होते. वेळेत आणलंत, डॉक्टर म्हणाले, नाहीतर शुद्ध हरपली असती. पोट साफ होत गेलं तसं डोकंही निवळलं. मी थर्मासातून चहा नेला. काकांनी एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं. "हौ, पुन्हा पाणीच." मावशी रडता रडता हसत सुटली आणि मला तर वॉर्डातच नाचावंसं वाटलं.

त्यानंतर औषध कधी चुकलं नाही. काका चहाला नावं ठेवेपर्यंत मावशी रोज समोर उभी राहायची. गेल्या वर्षी न्यूमोनियाने ते गेले, पण शेवटपर्यंत आम्हाला ओळखत होते आणि चहाला नावं ठेवत होते.

आता माझ्या घरी कुणी चहा चांगला झालाय म्हटलं, की मी आधी त्याच्या हातांकडे बघते.