नानांची सीडी

मंडळी, आज कळलं की मीच माझा घात केलाय.

माझे वडील, नाना, एका अहिराणी विनोदी सिनेमात होते. एकच सीन: म्हशीवरून पडतात आणि खदखदून हसतात. सिनेमा फक्त सीडीवर निघाला. नाना गेल्यावर त्यांचा आवाज तेवढाच उरला.

आज धुळ्याहून सीडी प्लेअर घेऊन सोनगीरला, गावच्या घरी गेलो. वहिनी म्हणाल्या, "ती तं वावरमा टांगेल शे. पाखरे येतस, जुन्या सीड्या बांधा, तुम्हीच सांगेल व्हतं ना भाऊ?"

सांगितलं होतं. फोनवर, सहज. सीडी उन्हात चमकली की पाखरं पळतात म्हणून.

शेतात, बाजरीत सापडली. उन्हाने पार पांढरी झालेली. प्लेअरने घेतलीच नाही.

कुणाच्या वावरात त्याच सिनेमाची, म्हशीचं चित्र असलेली सीडी लटकत असेल, तर आधी ती उतरवा. मग मला कळवा.