सुनंदाच्या लग्नाची मोकळी पत्रिका

आमच्या सुनंदाच्या लग्नात नवरा एकच होता, लग्न मात्र तीनदा लागलं. याला जबाबदार मी. घरच्यांनी हे मला इतक्या वेळा ऐकवलंय की हल्ली पाहुणा दारात चप्पल काढतोय तोवर मीच सांगून मोकळा होतो.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. साताऱ्यात एसटी स्टँडजवळ माझं डीटीपीचं दुकान होतं. दुकान कसलं, एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, आणि मराठी टाइप करायचं एक महागडं सॉफ्टवेअर! त्याच्याबरोबर कंपनीनं काडेपेटीएवढं एक डोंगल दिलं होतं. ते कॉम्प्युटरच्या पाठीत खोचलेलं असलं तरच मराठी उमटायचं, नाहीतर सगळं कुलूपबंद. आमचे आबा, म्हणजे वडील, फौजेतून सुभेदार होऊन आलेले. ते रोज दुकानात बसत. मी त्यांना एकदा मोठ्या रुबाबात सांगितलं, "आबा, हे नसलं तर कॉम्प्युटर म्हणजे नुसता डबा." हे वाक्य मी बोललो नसतो तर पुढचं काहीच झालं नसतं.

तेवढ्यात सुनंदाचं, माझ्या धाकट्या बहिणीचं, सांगलीच्या इंजिनिअरशी जमलं. तिनं दागिना मागितला नाही, साडी मागितली नाही. म्हणाली, "दादा, पत्रिका आपल्याच दुकानात करायची, आणि माझ्या नावापुढं बी. एस्सी. पाहिजे. ठळक. एसटीला लोंबकळून मिळवलीय मी ती." आमच्या घराण्यातली पहिली पदवी! मी पत्रिका टाइप केली, बी. एस्सी. एवढं जाड केलं की नवऱ्याचं नाव त्याच्या सावलीत गेलं.

आणि खंडेनवमी आली. घरोघरी हत्यारांची पूजा. आबांनी विळा, कोयता, पाना पाटावर मांडला, दुकानात गेले, आणि माझं डोंगल उपसून घेऊन आले. मी आंघोळ करून येतोय तोवर त्याला पंचामृतानं स्नान घातलेलं, हळदीकुंकू वाहिलेलं, वर झेंडूचं फूल. एवढ्यावर थांबतील तर ते फौजी कसले! बंदुकीला देतात तसं तेलही दिलं होतं.

मी ओरडलो. आबा शांतपणे म्हणाले, "ह्याच्याबिगर मशीन चालत न्हाई म्हणालास न्हवं? मग खरं हत्यार ह्येच की रं!"

डोंगल पुसून, वाळवून, फुंकर मारून पुन्हा खोचलं, पण त्यानं राम म्हटला होता. कंपनीला फोन केला. सॉफ्टवेअर पुन्हा विकत घ्या, म्हणाले, आणि डोंगल यायला दीड महिना लागेल. लग्न त्याआधीच होतं. माझं टाळकंच सरकलं! मजकूर माझा, बहीण माझी, कॉम्प्युटर माझा, आणि किल्ली दुसऱ्याच्या कनवटीला?

सांगलीत इंजिनिअरिंगला असलेल्या एका मित्रानं मला लिनक्स नावाच्या मोकळ्या सॉफ्टवेअरची सीडी दिली होती, सोबत दोन तासांचं प्रवचन. सॉफ्टवेअर सगळ्यांचं असावं, कुणीही घ्यावं, वाटावं, हवा तो बदल करावा, आणि बदललेलंही तसंच मोकळेपणानं द्यावं. ऐकताना अंगावर काटा आला होता. कंपनीचा फोन ठेवला त्याच दिवशी मी ती सीडी कॉम्प्युटरमध्ये घातली आणि स्वतंत्र झालो. म्हणजे आधीचं सगळं पुसलं गेलं, पत्रिकेसकट.

सुनंदा पाठीमागं उभी होती. म्हणाली, "मराठी कुठाय यात?"

"अजून नाहीये. ते आपण सगळ्यांनी मिळून बनवायचं."

"कवा? लग्नाआधी, का माझ्या बारक्याच्या मुंजीआधी?"

आबा म्हणाले, दुसऱ्या दुकानातनं छापून आण. पण तिथंही त्याच कंपनीचं डोंगल! मी बाणेदारपणे नकार दिला. शाई घेतली, माझ्या मोत्यासारख्या अक्षरात पत्रिका हातानं लिहिली आणि खाली एक ओळ टाकली: 'ही पत्रिका सर्वांची आहे. कोणीही झेरॉक्स काढावी, वाटावी व गरजेप्रमाणे बदल करावेत.' एक प्रत मलकापूरला बापूकाकांना, एक कवठे महांकाळला आत्याला, तिकडं वाटायला म्हणून धाडली. आबांनाही पटलं, कारण फौजेत वरनं निघालेला हुकूम खालपर्यंत तसाच जातो, अशी त्यांची समजूत. ते आमच्या भावकीला फौज समजले, इथंच फसगत झाली.

लग्नाच्या दिवशी सकाळी साडेदहाला कवठे महांकाळची माणसं मांडवात हजर. मुहूर्त साडेबाराचा, आचारी अजून कांदे चिरतोय, नवरी हळदीनं पिवळी. आत्यानं तिची पत्रिका काढून दाखवली: मुहूर्त साडेदहा. कारण काय, तर परतीची एसटी गाठायची होती. मी हात जोडले, "आवं आत्या, मुहूर्त कुणी बदलतं का?" ती म्हणाली, "तूच लिवलंयस न्हवं, गरजंपरमाणं बदला म्हून?"

माणसं अक्षता टाकल्याशिवाय हलेनात. शेवटी आबांनी फौजी तोडगा काढला आणि अकरा वाजता लग्नाची रंगीत तालीम झाली. साडेबाराला खरं लग्न लागलं. सगळे जेवले, भांडी घासायला गेली, आणि पावणेचारला ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरून मलकापूरकर आले! ऊसतोड दुपारपर्यंत चालते, म्हणून बापूकाकांनी मुहूर्त पावणेचारचा केला होता. वर आबांचं नाव खाली ढकलून स्वतःचं 'कुटुंबप्रमुख' म्हणून घातलं होतं. म्हणाले, "लगीन लागल्याबिगर आमी जेवत न्हाई." भटजींनी घोटभर पाणी पिऊन तिसऱ्यांदा अंतरपाट धरला.

आणि नेमका तेव्हाच कवठे महांकाळचा एक म्हातारा, ज्याची एसटी हुकली होती, बोहल्याजवळ आला आणि सुनंदापुढं गुडघा उघडा करून म्हणाला, "डॉक्टरीणबाई, लय कळ येतीया."

सुनंदाच्या सासूनं पाहुण्यांकडनं घेऊन तिन्ही पत्रिका शेजारी शेजारी धरल्या. माझ्या प्रतीत बी. एस्सी., मलकापूरच्या प्रतीत एम. एस्सी., आत्याच्या प्रतीत थेट डॉ. सुनंदा! (पाहुण्यांपुढं आपली पोरगी कमी दिसू नये म्हणून.) सासूबाई हळूच म्हणाल्या, "मुलगी नक्की शिकलीय तरी किती?"

पोरीनं एकच गोष्ट मागितली होती, आणि नेमकी तीच मी गावभर उधळली होती. सुनंदाचे डोळे भरले. मग तिनं भटजींच्या पुढ्यातला माईक काढून घेतला.

"मी बी. एस्सी. आहे. रसायनशास्त्र. फर्स्ट क्लास. बाकी सगळं आमच्या दादाची कृपा."

कर्ण्यातनं ते पार एसटी स्टँडपर्यंत गेलं. सासूबाई हसल्या, मग अख्खा मांडव हसला. मला बहिणीचा इतका अभिमान वाटला की मी कडकडून टाळ्या वाजवल्या, आणि हातातल्या मूठभर अक्षता हसणाऱ्या बापूकाकांच्या तोंडात गेल्या.

दोन वर्षांनी माझं लग्न झालं. आबांनी पत्रिका कराडला छापून घेतली आणि मला लग्नाच्या दिवशी सकाळी हातात दिली. लॅमिनेशन करून.