डावी पाकळी

अण्णा कुणाच्याही दारात आले की पायरी चढण्याआधी विचारायचे, "आज वेठीला कोण?" घरातली बाई आत सरकायची, पुरुष खाली बघायचा. खोतांकडे फुकट राबण्याची आमच्या गावाला इतकी सवय, की तिला वेठ म्हणायचीच भीती वाटे.

अण्णा रत्नागिरीतली शिक्षकाची नोकरी सोडून आमच्या खाडीकाठच्या गावात येऊन राहिले होते. कुळांबरोबर चिखलात उतरायचे आणि सतत घसरायचे. म्हातारी सखू म्हणायची, "अण्णा, तुमच्यापरीस माजा पाडा बरा."

"पाड्याला वैरण तरी मिळते, सखू. खोतांकडे तुला काय मिळतं?"

सखूचं हसू तिथंच थांबायचं.

त्या वर्षी ऐन लावणीत खोतांचं बोलावणं आलं आणि पहिल्यांदाच कुणी गेलं नाही. दुसऱ्या दिवशी खोतांनी गाव देवळात जमवलं. अण्णांना गावात ठेवायचं का, असा देवाला कौल लावायचा होता. गुरव मी. खोत माझ्या कानाशी आले. "देवाची जमीन तूच कसतोस ना रे, सोनू? कसत राहा."

कौल लावताना देवाच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवतात. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. कोरडी पाकळी टिकत नाही, हे गुरवाच्या पोरालाही कळतं. मी डावी पाकळी धोतराला पुसून लावली.

ती पडली. खोतांना नाही म्हणणारी माणसं देवाला नाही म्हणू शकली नाहीत. एकेकानं अण्णांकडे पाठ केली. सखूनंसुद्धा.

अण्णा माझ्या हातांकडे बघत होते. त्यांनी सगळं पाहिलं होतं. एक शब्द बोलते तर गावानं मला तिथंच तुडवलं असतं. ते गाभाऱ्याच्या उंबऱ्यापाशी आले आणि मलाच ऐकू जाईल इतकं हळू म्हणाले, "आज वेठीला कोण, सोनू?"

मी खाली बघितलं.

तरीवाल्यानं त्यांना होडीत घेतलं नाही. ओहोटी होती, ते पायीच खाडीत उतरले. आम्ही काठावर उभे होतो. भरती लागायची वेळ झाली होती, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी हाक मारली नाही.

पुढं खाडीतल्या कांदळाच्या झाडीत त्यांचा पंचा अडकलेला सापडला.

जमीन माझ्याकडेच राहिली. कौल अजून मीच लावतो, लोक अजून मानतात. उंबऱ्याकडे मात्र बघवत नाही.

वेठीला मी, अण्णा. एवढंच म्हणायचं होतं.